विश्लेषण : कॅनडातले ८५ टक्के अमेरिकेत किती? मेडिकल प्रवेशासाठी गुणांचे रूपांतर कसे होते?

समजा, टोरंटो विद्यापीठात शिकणारे दोन विद्यार्थी आहेत. दोघांचीही पदवीची सरासरी ८५ टक्के. दोघेही अमेरिकेत एमडीच्या प्रवेशासाठी अर्ज करतात. अर्जाची छाननी पूर्ण झाल्यावर एकाचा जीपीए ४ पैकी ४.० निघतो, दुसऱ्याचा ३.५. कोणाचे गुण कापलेले नाहीत, आकडेमोडीतही चूक झालेली नाही. विद्यार्थी काल्पनिक असले, तरी त्यांचे गणित तंतोतंत खरे आहे.

अमेरिकेतील एमडी महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडच्या वर्षांत ३.८ च्या आसपास आहे. त्यामुळे ४.० आणि ३.५ मधील हा अर्धा पॉइंट किरकोळ ठरत नाही. अनेक ठिकाणी अर्ज नीट वाचला जाणार की नाही, हेच त्यावर ठरू शकते.

अमेरिकेकडे ओढा कशासाठी?

अमेरिका आणि कॅनडात बारावीनंतर थेट एमबीबीएस नसते. आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग वैद्यकीय प्रवेश. आपल्याकडे ‘नीट’चा एक दिवस सगळे ठरवतो. तिथे ‘एमकॅट’ ही प्रवेश परीक्षा असतेच, पण तिच्याइतकेच वजन चार वर्षांतील ३५-४० विषयांच्या गुणांना असते.

कॅनडाची लोकसंख्या चार कोटींवर गेली, तरी तिथे वर्षानुवर्षे १७ च वैद्यकीय महाविद्यालये होती. टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या ब्रॅम्प्टनमधील नव्या महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२५ मध्ये सुरू झाली. ओंटारियो प्रांताच्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक निर्णय जाहीर केला. २०२६ पासून तेथील वैद्यकीय जागा परदेशी विद्यार्थ्यांना बंद आणि किमान ९५ टक्के जागा ओंटारियोच्या रहिवाशांसाठी. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे आधीही फारसा वाव नव्हताच. पण दुसऱ्या प्रांतात राहणाऱ्या कॅनडाच्या नागरिकांसाठीही वाट अरुंद झाली. ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले असोत की इतर कोणी, डॉक्टर व्हायचे ठरवलेले अनेक जण म्हणूनच सीमेपलीकडेही अर्ज करून ठेवतात.

अर्ज नेमका कुठे जातो?

अमेरिकेतील बहुतेक एमडी महाविद्यालयांसाठी एकच सामाईक अर्ज असतो. त्याचे नाव ‘ॲमकॅस’. वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना ‘एएएमसी’ ही यंत्रणा चालवते. (टेक्सासमधील सरकारी महाविद्यालयांची यंत्रणा वेगळी आहे.) विद्यार्थ्याने प्रत्येक विषय, त्याचे श्रेयांक आणि गुणपत्रिकेवर छापलेली श्रेणी अर्जात जशीच्या तशी भरायची. विद्यापीठ अधिकृत गुणपत्रिका थेट पाठवते. मग ‘ॲमकॅस’चे कर्मचारी एकेक ओळ पडताळून पाहतात आणि स्वतःचा जीपीए काढतात. विद्यापीठाने छापलेला एकत्रित जीपीए त्यांच्या लेखी नसल्यासारखाच.

ही पडताळणी अमेरिकेतील आणि कॅनडातील विद्यापीठांच्या गुणांचीच होते. भारतासह इतर देशांतील विद्यापीठांचे गुण सर्वसाधारणपणे या जीपीएत धरले जात नाहीत. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून बीएस्सी केलेल्याने एखाद्या संस्थेकडून आपले गुण अमेरिकी पद्धतीत मोजून घेतले, तरी त्या कागदाचा ‘ॲमकॅस’मध्ये उपयोग नाही. कॅनडाच्या पदवीला मात्र अमेरिकेच्या पदवीसारखेच वागवले जाते. ही मोठी सवलत आहे, आणि रूपांतराचा सगळा घोळही तिथूनच सुरू होतो.

८५ चे ४.० कसे होतात?

सीबीएसईने एकेकाळी दहावीच्या सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढायची सोय दिली होती. त्यामुळे आपल्याकडे असे वाटते की इथेही एखादा गुणक असेल. ८५ ला ४ ने गुणायचे, १०० ने भागायचे, उत्तर ३.४. हे उत्तर साफ चुकीचे आहे. हे रूपांतर म्हणजे उतार नव्हे, जिना आहे. एका पायरीवर कुठेही उभे राहा, उंची तीच.

टोरंटो विद्यापीठात ९० ते १०० म्हणजे ए प्लस, ८५ ते ८९ म्हणजे ए, ८० ते ८४ म्हणजे ए मायनस. त्याखाली ७७ ते ७९ बी प्लस, ७३ ते ७६ बी आणि ७० ते ७२ बी मायनस. ‘ॲमकॅस’मध्ये ए प्लस आणि ए या दोन्हींना ४.०, ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३, बीला ३.० आणि बी मायनसला २.७ मिळतात.

आता सुरुवातीच्या दोघांकडे पाहू. पहिल्याला सगळ्या विषयांत ८५ आहेत. म्हणजे सगळीकडे ए, जीपीए ४.०. दुसऱ्याला अर्ध्या विषयांत ९५ आणि अर्ध्यांत ७५. टक्केवारीची सरासरी ८५ च. पण ९५ चे ४.० आणि ७५ चे ३.०, सरासरी ३.५. एका विषयात ९५ पर्यंत मारलेली मजल दुसऱ्या विषयातील खड्डा भरून काढत नाही, कारण ८५ च्या वर सगळे सारखेच. टक्क्यांची सरासरी पाहून घरचे निर्धास्त असतात आणि हिशेब भलताच निघतो, तो यामुळे. ८४ आणि ८५ मधला एक गुण ०.३ चा फरक पाडतो, तर ८५ आणि १०० मधले १५ गुण शून्याचा.

विषयाचे वजनही मोजले जाते. वर्षभर चालणारा विषय सहामाही विषयाच्या दुप्पट धरला जातो. म्हणून वर्षभराच्या रसायनशास्त्रात घसरलेली श्रेणी जास्त महागात पडते.

विद्यापीठ बदलले की पायऱ्या बदलतात?

हो. आणि इथेच ही पद्धत ‘प्रमाणित’ म्हणावी का, असा प्रश्न पडतो. ७५ गुणांचे घ्या. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ७५ ते ७९ ही बी प्लस श्रेणी आहे, म्हणजे ३.३. टोरंटोत ७५ म्हणजे बी, ३.०. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ७२ ते ७५ बी आणि ७६ पासून बी प्लस. गुण तेच, पण शहराप्रमाणे किंमत वेगळी.

लंडन (ओंटारियोतील) येथील वेस्टर्न विद्यापीठाच्या तक्त्यात ८० ते ८९ ही एकच ए श्रेणी आहे, ए मायनस नाहीच. रूपांतर त्या अक्षराला धरून झाले, तर ८० गुणांचे ४.० होतात. टोरंटोत तेवढ्याच गुणांना ३.७ वर समाधान मानावे लागते. उलट मॅकगिलमध्ये ए प्लस ही श्रेणीच नाही. तिथे ८५ ते १०० सगळे ए. अमेरिकी अर्जात त्याने नुकसान होत नाही.

काही विद्यापीठांची मोजपट्टीच निराळी आहे. मॅकमास्टरची १२ पॉइंटची, ओटावाची १० ची. क्वीन्स आणि काँकॉर्डियात ए प्लसला ४.३, सायमन फ्रेझरमध्ये ४.३३. हा ४ च्या वरचा भाग ‘ॲमकॅस’मध्ये गळून पडतो. ए प्लस तिथे ४.० वरच थांबतो. (अमेरिकेतील कायदा महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात मात्र ए प्लसला ४.३३ मिळतात. वकिलांचे नशीब!)

टोरंटो आणि मॅकगिलच्या गुणपत्रिकेवर त्या विषयातील वर्गाची सरासरीही छापलेली असते. वर्ग ६५ वर अडकलेला असताना ७८ मिळवणे सोपे नसते. पण जीपीएच्या आकड्यात त्याची दखल नाही. गुणपत्रिका हातात घेऊन वाचणाऱ्या एखाद्या प्रवेश समितीला ते दिसेल इतकेच.

कॅनडातच अर्ज केला तर आकडा वेगळा का?

ओंटारियोतील वैद्यकीय महाविद्यालयांची सामाईक यंत्रणा ‘ओमसॅस’ आहे. तिच्या तक्त्यात ए प्लसला ४.०, पण एला ३.९. म्हणजे सगळीकडे ८५ मिळवणारा विद्यार्थी अमेरिकेच्या अर्जात ४.० आणि स्वतःच्या प्रांतात ३.९. अमेरिका इथे उदार दिसते.

हे औदार्य पुढे टिकत नाही. कॅनडातील काही महाविद्यालये सर्वांत चांगली वर्षेच धरतात, काही अलीकडच्या वर्षांना जास्त वजन देतात. पहिल्या वर्षी घर, हवा, भाषा सगळेच नवे असताना अडखळलेल्याला त्यातून सावरता येते. ‘ॲमकॅस’मध्ये पहिल्या सहामाहीपासूनचे सगळे कायम हिशेबात राहते. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तर काही विद्यापीठे जुनी श्रेणी एकत्रित जीपीएतून काढून टाकतात. ‘ॲमकॅस’ दोन्ही धरते. फक्त ‘पास’ असा शेरा असलेले विषय, उदाहरणार्थ करोनाकाळात अनेकांनी तसे घेतलेले, जीपीएत येत नाहीत. त्यांचे श्रेयांक वेगळे दाखवले जातात.

सायन्सचा जीपीए वेगळा असतो?

असतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयगटांचा स्वतंत्र जीपीए निघतो. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीसीपीएम’ म्हणतात. विषय कोणत्या विभागाने शिकवला यापेक्षा त्यात काय शिकवले, हे पाहिले जाते. मानसशास्त्र विभागाचा संख्याशास्त्राचा पेपर गणितात धरता येतो. मानसशास्त्र मात्र ‘इतर’ गटात. आहारशास्त्र, किनेसिऑलॉजी यांसारखे विषयही सहसा ‘इतर’ मध्येच जातात. कॅनडात अशा अभ्यासक्रमांना भरपूर विद्यार्थी असल्याने त्यांचा सायन्सचा जीपीए मोजक्या विषयांवर उभा राहतो, आणि एक-दोन खराब श्रेणींनी तो हलतो.

जीपीए चांगला असला की प्रवेश सोपा?

नाही, आणि भारतातून पदवीसाठी कॅनडात गेलेल्यांनी हे आधी समजून घेतलेले बरे. अमेरिकेतील अनेक एमडी महाविद्यालये फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांचेच अर्ज घेतात. काही महाविद्यालये कॅनडाच्या नागरिकांचेही घेतात. स्टडी परमिटवर असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाची गुणपत्रिका कॅनडाची असली, तरी तो अर्जात परदेशी विद्यार्थीच असतो. गुणांचे राष्ट्रीयत्व एक आणि विद्यार्थ्याचे दुसरे. कोणते महाविद्यालय कोणाचा अर्ज घेते, हे ‘एएएमसी’च्या ‘एमएसएआर’ या सशुल्क माहितीकोशात महाविद्यालयनिहाय पाहता येते. तो न पाहता २० महाविद्यालयांचे अर्जशुल्क भरणे म्हणजे पैसे पाण्यात.

पैशांचा प्रश्न त्याहून मोठा. अमेरिकी सरकारचे शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि त्यात कॅनडाचे नागरिकही आले. काही महाविद्यालये तर एका वर्षाचे किंवा चारही वर्षांचे शुल्क प्रवेशाआधीच राखीव खात्यात ठेवायला सांगतात.

गडबड कुठे होते?

अर्ज साधारण मेच्या सुरुवातीला भरायला खुला होतो आणि मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीपासून सादर करता येतो. बहुतेक महाविद्यालये अर्ज जसे येतील तसे वाचत जातात, त्यामुळे उशीर महागात पडतो. सगळ्या विद्यापीठांच्या गुणपत्रिका पोहोचल्याशिवाय पडताळणीची रांग लागत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत ती पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जातात. उन्हाळी सुट्टीत दुसऱ्या विद्यापीठात घेतलेला एखादा विषय अनेकांच्या लक्षातून जातो. त्या विद्यापीठाची गुणपत्रिकाही लागतेच.

दुसरी चूक टक्क्यांचे अक्षर स्वतःच करून भरण्याची. गुणपत्रिकेवर जे छापले आहे तेच लिहायचे. चुका फार निघाल्या तर अर्ज परत येतो आणि मुदतही हुकू शकते. पडताळणीनंतर आलेला जीपीए चुकीचा वाटला, तर ठरलेल्या दिवसांत फेरतपासणी मागता येते. त्यासाठी आपल्या विद्यापीठाचा श्रेणीतक्ता घेऊन विषयनिहाय हिशेब आधीच करून ठेवलेला असावा लागतो. तो तक्ता बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूलाच छापलेला असतो.