रविवारी वर्ग रिकामाच असतो

बापाची दारू सुटावी असं प्रत्येक पोराला वाटतं, पण त्यासाठी जायचं कुठं हे घरात कुणालाच माहीत नसतं. नेसरीत विचारलं तर "पुण्याला मुक्तांगण आहे" एवढंच कळतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या या केंद्राचं काम मोठंच आहे. पण उपचार घेऊन माणूस परत गावातच येतो. तीच वाट, तेच दोस्त.

म्हणून अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मिटिंग जवळ हवी. 1935 साली अमेरिकेत एका शेअर दलालानं आणि एका सर्जननं दारू सोडताना एकमेकांना सावरलं, त्यातून ही चळवळ उभी राहिली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा पुरे. (रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र आधी डॉक्टर गाठावा, एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.) कोल्हापूरची मिटिंग संपल्यावर परतीची एस.टी. मिळेल का, इथंच आपल्याकडचा माणूस गळतो.

गट सुरू करायला दोन-तीन माणसं पुरतात. अडतं जागेपाशी. चावडीवर बसून मन कोण मोकळं करणार? मुंबई-पुण्यात अशा कितीतरी मिटिंगा शाळेच्या वर्गात भरतात. मग आपली एक खोली रविवारी संध्याकाळी का देऊ नये? "शाळेत दारुडे?" म्हणून व्यवस्थापन समितीत कुणी नाक मुरडेल. अहो, ते आपल्याच पोरांचे बाप आहेत! आणि फुकटही मागत नाहीत. आपला खर्च आपणच भागवायचा हा त्यांचा नियम आहे. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.