कंसापूर्वीचें वजाचिन्ह

बीजगणिताच्या आरंभीं मुलें बहुधा एकाच ठिकाणीं अडखळतात, आणि तें म्हणजे वजाचिन्हानंतर येणारा कंस. ‘कंस सोडवितांना आंतील चिन्हें बदलावीं’ हें सूत्र त्यांस मुखोद्गत असतें; तीं कां बदलावीं, हें मात्र कोणी सांगितलेलें नसतें. मग पहिल्या पदाचें चिन्ह बदलतें, दुसऱ्याचें तसेंच राहतें, आणि घरांतील वडील मंडळी ‘याला गणित येत नाहीं’ असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

अशा वेळीं वाण्याचें दुकान आठवावें. मुलीजवळ ५० रुपये आहेत. तिनें वाण्यास क्ष रुपये दिले. त्यानें ५ परत केले. खर्च झाला (क्ष − ५), आणि शिल्लक ५० − (क्ष − ५). आतां तिलाच पैसे मोजूं द्यावे. ५० मधून क्ष गेले, ५ परत आले. म्हणून ५० − क्ष + ५. परत आलेले पांच रुपये पुन्हां वजा करण्याइतकें भोळें मूल आम्हीं तरी पाहिलें नाहीं!

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें हेंच सांगितलें आहे: वजा करावयाचें धन ऋण होतें, ऋण धन होतें. त्यांच्यापाशीं आजचा कंस नव्हता. अव्यक्तास ते ‘यावत्तावत्’ म्हणत, ‘या’ एवढेंच लिहीत, आणि ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देत. ऋणत्व संख्येसच चिकटून राहत असल्यामुळें ही पद्धत, आमच्या मतें, बालबुद्धीस अधिक सोयीची होती.

आतां हें समीकरण घ्या:

५(क्ष − २) − २(क्ष − ४) = १६

कंस सोडविल्यावर ५क्ष − १० − २क्ष + ८ = १६; म्हणजे ३क्ष − २ = १६, आणि क्ष = ६. ज्यानें ८ ऋणच ठेविले, त्यास ३क्ष = ३४ मिळून उत्तर अकरा पूर्णांक एक तृतीयांश येतें. अपूर्णांक आला म्हणजे चुकलेंच, असें पुष्कळ मुलें समजतात. पण खरें उत्तरही अपूर्णांकांत असूं शकतें. निर्णय ताळ्यानेंच व्हावा. ६ घातल्यास डावा पक्ष २० − ४, म्हणजे १६ होतो. दुसरें उत्तर घातल्यास तो ३२ भरतो.

मात्र ताळा मूळ समीकरणांतच पाहावा. कंस सोडवितांना चुकलेल्या ओळींत तेंच चुकीचें उत्तर घातलें, तर १६ बिनचूक येतात, आणि मूल निर्धास्तपणें वही मिटून खेळावयास जातें.