‘घ्यायचं असेल तर घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं काय करायचं?

नळ गळतो म्हणून वायसर आणायला माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो. “अर्ध्याचा की पाऊणचा?” काउंटरमागून प्रश्न येतो. त्याला माहीत नसतं. “मग घरी जाऊन बघून या. का मी येऊ तुमचा नळ बघायला?” शेजारी उभे असलेले दोन प्लंबर गालातल्या गालात हसतात आणि गिऱ्हाईक कान लाल करून पायऱ्या उतरतं.

असा प्रसंग महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत घडू शकतो. पुण्यानं त्याचं कौतुकही केलं, एवढाच काय तो फरक. पुलंनी ‘तुम्हाला कोण व्हायचंय?’मध्ये पुणेरी दुकानदाराची बेपर्वाई अजरामर करून ठेवली. पुणेरी पाट्यांचे संग्रह झाले, त्या मोबाइलवरून घरोघरी फिरल्या. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणं हा तर शहराचा बाणाच ठरला. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली!

विनोद म्हणून हे सगळं झकास आहे. पण पाटीवरचा खवचटपणा आणि तोंडावर केलेला पाणउतारा यांत मोठा फरक आहे. पाटी सगळ्यांना सारखीच टोचते. पाणउतारा माणूस बघून केला जातो. गाडीतून उतरलेल्याला “या साहेब, पाणी देऊ?” आणि झिजलेल्या चपलांकडे बघून “ती महागातली आहे, खालच्या रॅकमधलं बघा.” कामवाल्या बाईनं लेकीच्या लग्नासाठी साडी बघायला मागितली, तर गठ्ठा सोडण्याआधी “बजेट किती?” असं विचारणारा दुकानदार फटकळ नसतो, तो माजोरी असतो. त्याला ‘स्वभावच तसा आहे हो’ म्हणून सोडून देणं बंद व्हायला हवं.

अर्थात, खेकसणारा प्रत्येक जण माजलेला नसतो. काउंटरवरचा पोऱ्या सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभा असतो. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळावं, यासाठी केरळला २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये. त्याआधी केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला होता. दिवसभर पाय भरून आलेल्या माणसाकडून रात्री आठ वाजता हसून बोलण्याची अपेक्षा ठेवणं सोपं असतं, पण मालक त्याला साधं स्टूलसुद्धा देत नाही. आणि गिऱ्हाईक तरी कुठे धुतल्या तांदळासारखं असतं? कानाला फोन लावून “ए छोटू” म्हणून हाका मारायच्या, चाळीस साड्या उलगडायला लावून “जरा फिरून येते” म्हणायचं, बूट घालून नंबर बघायचा आणि पायरी उतरता उतरता तोच बूट मोबाइलवरून मागवायचा, हे सगळं रोज चालतं.

तेव्हा आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: तोंडाचा उद्धटपणा आणि व्यवहारातली लबाडी. गंमत अशी, की माणसं पहिल्यासाठी तावातावानं भांडतात आणि दुसरी निमूट सोसतात. थंड बाटलीवर छापील किमतीपेक्षा दोन-पाच रुपये ‘कूलिंग’चे म्हणून जास्त घेतले, तरी कोणी चकार शब्द काढत नाही. खरं तर तिथेच गिऱ्हाइकाच्या हातात कायदा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती तीस दिवसांची धरली जाते. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी भिंतीवर कितीही ठळक असो, फुटक्या मिक्सरपुढे तिचं काही चालत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क भरावं लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. ज्या पुण्यानं दुकानदाराच्या तऱ्हेवाईकपणाचे गोडवे गायले, त्याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

नुसतं तोंड वाकडं केलं म्हणून मात्र आयोगाकडे धावण्यात अर्थ नाही. तिथे बोलूनच वाट काढावी लागते. “असं बोलू नका, सामान द्यायचं नसेल तर तसं सांगा,” एवढं आवाज न चढवता म्हटलं, तरी बरेच जण वरमतात. आवाज चढला की बघे जमतात, आणि बघ्यांसमोर कोणताही दुकानदार माघार घेत नाही. हात उगारणं तर दूरच राहिलं. २०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला चोप दिला गेला. त्याची चित्रफीत देशभर फिरली, व्यापारी रस्त्यावर उतरले आणि दुकानात मराठीतून बोललं जावं ही रास्त अपेक्षा त्या गदारोळात मागे पडली.

तीच गत मोबाइल काढून चित्रण करण्याची. त्यात सापडतो तो बहुधा पगारी पोऱ्या. मालक त्याला काढून टाकतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. गुगलवर एक तारा ठोकून मोकळं होणंही तितकं साधं नाही. ज्या दुकानाला वीस-पंचवीसच अभिप्राय आहेत, त्याची सरासरी अशा एका अभिप्रायानं लगेच घसरते. लिहायचंच असेल, तर काय झालं तेवढंच लिहावं. कुणाचं नाव, फोटो, जातपात त्यात आणू नये.

त्यापेक्षा मालकाला गाठावं. सणाच्या गर्दीत नव्हे. सकाळी दुकान नुकतंच उघडलेलं असतं, उदबत्ती लावून मालक गल्ल्यावर बसलेला असतो, तेव्हा जावं. काय झालं ते सांगावं, आणि मालकानंही उडवून लावलं तर पुढच्या महिन्याचा किराणा पलीकडच्या दुकानातून भरावा. तिथेही बिल मागून घ्यायला विसरू नका.