प्रमाणपत्रावरची सही

मागच्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी गारखेड्यातल्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून चाळीस प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. मजकूर सगळ्यांवर एकच होता: सदर विद्यार्थ्याने कर्करोग विभागात साठ तासांचा सामुदायिक सहभाग प्रकल्प समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे. चाळीसपैकी एकोणचाळीस जणांच्या बाबतीत हे खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. मधेच पेनातली शाई संपली, तेव्हा बायकोकडून दुसरं पेन मागून घेतलं आणि उरलेल्या सह्या उरकल्या.

मी पंचवीस वर्षं महाविद्यालयात शिकवतो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहूनच लिहितो आहे, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

त्या एकोणचाळीस जणांनी काय केलं? ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, विभागीय क्रीडा संकुलापासून सूतगिरणी चौकापर्यंत फेरी काढली. घोषणा दिल्या, पोस्टर रंगवली. आणि शहरातल्या एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात जाऊन फळवाटप केलं. प्रत्येक गोष्टीचे जिओ-टॅग केलेले फोटो काढले, कारण नॅकच्या फायलीला तसेच लागतात. अक्षांश-रेखांश असले की सेवा झाली, असा आपला हिशेब आहे.

फळवाटपाच्या वेळी मी हजर होतो. कोपऱ्यातल्या खाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. तोंडाचा कर्करोग. गालाला पट्टी, नाकातून नळी. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या हातात सफरचंद ठेवलं, दुसऱ्याने फोटो काढला. त्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. आम्ही पुढच्या खाटेकडे गेलो. मी मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या बायकोने ते सफरचंद पदराला बांधलं होतं. माझी नजर तिच्याकडे गेल्यावर ती चोरी पकडल्यासारखी ओशाळली. म्हणाली, "ह्यांला गिळता येत नाही. लेकराला नेते."

ओशाळायला मी हवं होतं.

ज्याच्या तोंडात फोड आलेत, ज्याला नळीतून पातळ पेज दिली जाते, त्याच्या हातात सफरचंद देण्याचा प्रसंग एकट्या माझ्या महाविद्यालयाच्या नावावर नाही. नगरसेवकाचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन, वडिलांचं वर्षश्राद्ध, सगळ्यांचा शेवट फळवाटपात होतो. देणाऱ्यांच्या मनात खोट असते असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप असा की रुग्णाला काय लागतं हे आपण कधी विचारतच नाही. विचारलं तर जे उत्तर येईल, ते अर्ध्या तासात देऊन मोकळं होता येत नाही.

काय लागतं ते सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे खेड्यातली माणसं 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते साधारण पंचवीस वेळा घ्यावे लागतात. सोमवार ते शुक्रवार, रोज. सोबत आठवड्यातून एकदा केमोथेरपी. त्यानंतर आतून द्यायचे किरण. हे सगळं मिळून आठेक आठवड्यांत संपायला हवं. लांबलं तर रोग परत उलटण्याची शक्यता वाढते. यंत्रावर प्रत्यक्ष जातात ती मिनिटं मोजकी. बाकीचा सगळा दिवस जातो येण्यात, वाट बघण्यात आणि परत जाण्यात.

२०१२ मध्ये आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, ही मराठवाड्यासाठी फार मोठी गोष्ट होती. त्याआधी गरीब माणसाला बार्शी नाहीतर थेट परळचं टाटा गाठावं लागायचं. आता जालना, बीड, परभणी, हिंगोलीचा माणूस इथे येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कर्करुग्णाला एसटीत सवलत आहे. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मग माणसं उपचार अर्धवट सोडून का जातात?

कारण पाच आठवड्यांचं खोलीभाडं कुठल्या पॅकेजात बसत नाही. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, तिचा परतावा नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता अर्धा सोडून तो बायकोबरोबर दीड महिना शहरात कसा राहील? कापूस वेचणीला आला की घरातलं एकही माणूस मोकळं नसतं. कधी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही आणि ते दुरुस्त करायला गावी गेलेला माणूस परत येत नाही. आपण मात्र बसल्या जागी निदान करतो: 'अडाणी लोक, घाबरून पळून जातात.'

आता दुसरीकडचा हिशेब बघा. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना इंटर्नशिप, क्षेत्रीय प्रकल्प, सामुदायिक सहभाग असं सगळं श्रेयांकांसह बंधनकारक केलं. एका श्रेयांकाला तीस तास, दोनाला साठ. माझ्या चाळीस मुलांचे मिळून झाले दोन हजार चारशे तास. दिवसाला सहा तास धरले तर चारशे दिवस. म्हणजे एका विभागात वर्षभर, सुट्ट्या न घेता, रोज एक तरुण माणूस उभा राहू शकला असता. हे फक्त एका महाविद्यालयाच्या एका वर्गाचं झालं. एवढं मनुष्यबळ आपण फेरी, पोस्टर आणि सफरचंदात घालवलं. वर त्याची प्रमाणपत्रं छापली.

चाळिसावी विद्यार्थिनी मात्र फळवाटपानंतर तिथेच राहिली. विभागातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जाऊन तिने विचारलं, मी काय करू? त्यांनी तिला एक वही दिली. शेकाच्या तारखेला न आलेल्यांची नावं त्या वहीत होती. अधीक्षकांच्या समोर बसायचं, त्यांच्याच फोनवरून फोन करायचा, का आला नाहीत एवढंच विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं. औषधाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

जालना जिल्ह्यातल्या एका बाईंचे अकरा शेक झाले होते आणि बाई यायच्या थांबल्या होत्या. फोन लेकाने उचलला. सोबत येणारी भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाईंना वाचता येत नाही, शहरात एकट्या उतरायचा धीर होत नाही. अडचण एवढीच होती. मुलीने अधीक्षकांना सांगितलं. ठरलं असं, की लेकाने आईला गावाहून एसटीत बसवून द्यायचं आणि मुलीने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरवून घ्यायचं. चौथ्या दिवशी बाई आल्या.

दोन आठवड्यांनी ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, माझे साठ तास कधीच झाले. पण मावशींचे अजून पाच दिवस राहिलेत. तेवढे करते, मग अहवाल लिहिते." मी म्हणालो, अहवालाची तारीख उलटून गेली आहे. हो, तिला मी हे म्हणालो.

त्या बाईंचे पंचवीस शेक पूर्ण झाले. बाकीच्या एकोणचाळिसांना आणि तिला मी दिलेलं प्रमाणपत्र शब्दशः सारखंच होतं.

हे मांडलं की आक्षेप येतात, आणि ते फेटाळून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप: विद्यार्थी म्हणजे फुकटचे वेठबिगार, त्यांना उभं करून सरकार समाजसेवा अधीक्षकांची पदं भरायचंच नाही. भीती खरी आहे. म्हणूनच विद्यार्थी हा पगारी माणसाची जागा घेणारा असता कामा नये. तो पगारी माणसाच्या हाताखालीच शिकला पाहिजे. अधीक्षक नसेल तर विद्यार्थी पाठवूच नयेत, आणि का पाठवत नाही हे महाविद्यालयाने लेखी कळवावं. राहिला पैशाचा प्रश्न. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये सरकारने बारावी झालेल्याला महिना सहा हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरवलं. तरुणांना शिकताना पैसे देता येतात हे सरकारनेच मान्य केलंय. मग रुग्णाला बसस्थानकावरून आणणाऱ्या मुलीचं निदान रिक्षाभाडं तरी कुणी द्यावं ना? तिने ते खिशातून घातलं.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा आणि संसर्गाचा. बरोबर आहे. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाजवळ शिंकणारी चाळीस मुलं नेणं हे क्रौर्यच आहे. ते आम्ही केलं. म्हणून एका वेळी दोनच जण, सर्दी-खोकला असेल तर घरी, फोटो अजिबात नाही, रुग्णाचं नाव बाहेर काढायचं नाही. फोटो नाही म्हटल्यावर निम्म्या महाविद्यालयांचा उत्साह तिथेच मावळेल. मावळू द्या.

तिसरा आक्षेप माझ्या मनातला आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना मरणाच्या इतक्या जवळ न्यावं का? त्या वहीतल्या एका नावाला फोन लावल्यावर पलीकडून "ते गेले" असं उत्तर आलं होतं. मुलीने ते वहीत लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. मला हे तिच्या अहवालातून कळलं. त्या दिवशी तिला घरी गेल्यावर जेवण गेलं का, हे विचारायला कुणी नव्हतं. ते काम माझं होतं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव त्याच प्रमाणपत्रावर आहे.

हे सगळं आपल्याकडे जमणारं नाही, असंही म्हणतात. या मराठवाड्यातच जमलेलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर ४९७ गावांतल्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. जगभरच्या डॉक्टरांनी तो निबंध वाचला. तपासणी प्रयोगशाळेत झाली हे खरं, पण त्याआधी कुणीतरी गावात जाऊन, उंबऱ्यावर बसून, सासूला समजावून त्या बाईला तपासणीपर्यंत आणलं होतं. केरळात १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशमनाचं काम सुरू झालं आणि पुढे शेजारपाजारचे लोकच प्रशिक्षण घेऊन अंथरुणावरच्या रुग्णांकडे जाऊ लागले. २००८ मध्ये त्या राज्याने त्याचं धोरण केलं. आणि केरळपर्यंत तरी कशाला जायचं? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती टाटाच्या रुग्णांना कित्येक वर्षं निवारा देत आल्या आहेत. परगावच्या रुग्णाला पाठ टेकायला जागा लागते, हे या लोकांना कुठल्याही श्रेयांकाशिवाय कळलं होतं.

गारखेड्यालाही हे कळतं. १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी सुरू केलेलं हेडगेवार रुग्णालय आपल्याच परिसरात आहे, दत्ताजी भाले रक्तपेढी आहे. रक्त देणारे आपल्याकडे भरपूर, पण शिबिरं सगळी नेत्यांच्या वाढदिवसाला आणि जयंत्यांना. रक्तातल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. केमोथेरपीवरच्या मुलाला मे महिन्यातल्या मंगळवारी प्लेटलेट लागल्या, तर जानेवारीतल्या शिबिराचा त्याला उपयोग नाही. प्रत्येक गणेश मंडळाने वर्षातले दोन आठवडे वाटून घ्यावेत आणि त्या आठवड्यात हाकेला येतील असे दहा दाते तयार ठेवावेत. सव्वीस मंडळांत वर्ष भरतं.

आणि खोल्या. उल्कानगरीपासून पुंडलिकनगरपर्यंत किती घरांत वरची खोली बंद आहे, कारण मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत? क्रीडा संकुलात सकाळी चालणाऱ्या आमच्या गटातच अशी सात घरं निघाली. मोजलं म्हणून सांगतो. सातपैकी एक माझं आहे. जालन्याच्या त्या मावशी रोज गावाहून ये-जा करत होत्या, तेव्हा आमच्या वरच्या खोलीत मुलाची जुनी सायकल आणि दिवाळीचे आकाशकंदील होते. सायकल आता देऊन टाकली आहे. बायकोने खोलीत दोन गाद्या टाकल्या आहेत. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण एकट्याने केलं तर ते पुण्य कमावणं होतं आणि सातही जणांनी केलं तर व्यवस्था होते.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच सांगणं आहे. सह्या थांबवा. साठ तासांच्या प्रमाणपत्रासाठी फेरीचा फोटो पुरावा म्हणून घेऊ नका. विद्यार्थ्याला एकच विचारा: तू कुणासोबत होतास, आणि त्याचे किती दिवस पूर्ण झाले? नाव नको, दिवस सांग. उत्तर नसेल तर श्रेयांक नाही. नॅकच्या फाईलचं काय करायचं ते आपण प्राध्यापक मिळून निस्तरू. पगार आपण त्याचाच घेतो.

या वर्षीची यादी कार्यालयातून परवा आली. अडतीस नावं आहेत. सोबत कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा, वर चिठ्ठी: लवकर सह्या करून पाठवणे. गठ्ठा टेबलावर आहे. चिठ्ठीच्या मागे मी लिहिलं, विद्यार्थ्यांना सोमवारी दोघादोघांनी माझ्याकडे पाठवणे, आणि ती परत पाठवून दिली.