घर माझं, डॉट तुमचा

माझ्या होम डिरेक्टरीत ‘एलएस’ मारलं तर नऊ फोल्डर दिसतात. ‘एलएस -ए’ मारलं की आकडा साठच्या वर जातो. वाढीव मंडळींतलं जवळपास कुणीही मी बोलावलेलं नाही. प्रोग्रॅम आले आणि ठिपका लावून राहू लागले.

हा ठिपकाही कुणी ठरवून दिलेला नाही. पूर्वी बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी 2012 साली लिहिलं होतं, की यादीत ‘.’ आणि ‘..’ दिसू नयेत म्हणून ‘एलएस’मध्ये फक्त पहिलं अक्षर तपासण्याचा शॉर्टकट मारला गेला. त्यातून लपलेल्या फाइली जन्मल्या. म्हणजे ज्याला आपण युनिक्सची परंपरा म्हणून कवटाळतो, तो एक बग आहे.

‘सौंदर्याचा प्रश्न आहे, सोड ना,’ असं मित्र म्हणतात. नाही सोडणार. मागे एका रात्री आमची एक सर्व्हिस जुन्याच डेटाबेसशी बोलत राहिली. टीममधल्या नव्या मुलीने ‘/ईटीसी’मधली फाइल अचूक बदलली होती, रिस्टार्टही केला होता. कॉलवर तिला तीनदा विचारलं गेलं, ‘नक्की सेव्ह केलंस ना?’ विचारणाऱ्यांत मीही होतो. पहाटे चारला कळलं, सर्व्हिस ज्या युजरच्या नावाने चालते त्याच्या होममध्ये कुणीतरी कधीकाळी ठेवलेली एक ठिपकेवाली फाइल होती, आणि प्रोग्रॅम तिचंच ऐकत होता. चूक कुणाची होती?

माझं म्हणणं साधं आहे. मशीनबद्दलचा निर्णय ‘/ईटीसी’त. माणसाची आवडनिवड त्याच्या ‘~/.कॉन्फिग’मध्ये. सर्व्हिस हा माणूस नाही, तिला आवडनिवड नसते. तिने होममध्ये डोकावूच नये. आणि कोणकोणत्या फाइली वाचल्या, हे प्रत्येक प्रोग्रॅमने सुरू होताना लॉगमध्ये सांगावं.

यात नवीन काही नाही. एक्सडीजी बेस डिरेक्टरीचा मसुदा 2003 पासून आहे. सेटिंग ‘.कॉन्फिग’मध्ये, कॅश ‘.कॅश’मध्ये, डेटा ‘.लोकल/शेअर’मध्ये. ही वाटणी बॅकअप घेताना कळते. सेटिंग मी हाताने लिहिलेली असते, ती गेली तर वर्षांची मेहनत जाते. कॅश गेली तर काही बिघडत नाही. दोन्ही एकाच ठिपक्याखाली कोंबणारा प्रोग्रॅम मला कचऱ्याचाही बॅकअप घ्यायला लावतो.

‘जागा बदलली तर जुन्या स्क्रिप्ट मोडतील’ ही सबब नेहमीची. गिटने 2012 मध्येच ‘~/.कॉन्फिग/गिट/कॉन्फिग’ वाचायला सुरुवात केली. जुनी ‘.गिटकॉन्फिग’ आजही चालते. काही मोडलं नाही.

‘पण ‘.कॉन्फिग’लाही ठिपका आहेच की!’ आहे, मान्य. पण साठ ठिपक्यांपेक्षा तीन-चार बरे, आणि कुठे शोधायचं ते आधीच ठाऊक असतं.

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल तर एवढंच करा: फाइल कुठे ठेवायची हे ठरवताना, पहाटे चारला ती शोधणाऱ्या माणसाचा विचार करा. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणालो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याची खबरही नसेल.