विलगीकरणातील रुग्णाचे हक्क

संसर्ग पसरू नये म्हणून रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवणे, म्हणजेच विलगीकरण, हा उपाय वैद्यकशास्त्राला मान्य आहे. मात्र इतरांच्या जिवासाठी ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, त्याच्याविषयी शासनाची जबाबदारी तेवढ्याच प्रमाणात वाढते, आणि वैद्यकीय नीतिशास्त्रात परस्परता या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात कधी उतरलेच नाही.

या प्रश्नाशी दौंड तालुक्यातील केडगावचा जुना संबंध आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा निराधार स्त्रियांसाठी आश्रम चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर हलवले. त्याच काळात त्यांच्या आश्रमातील एका मुलीला पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेल्यावर तिचे जे झाले, त्यावरून तरुण स्त्रियांच्या सुरक्षिततेची तेथे कसलीही सोय नसल्याची तक्रार रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीरपणे केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती चुकीची आणि दिशाभूल करणारी ठरवून झटकून टाकली. जिच्यावर देखरेख ठेवायची त्याच यंत्रणेने स्वतःवरील तक्रारीचा निवाडा करावा, हा प्रकार तेव्हाही विचित्र होता. पण 1897 च्या साथरोग कायद्यात सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण होते, रुग्णाच्या हक्काचे कलम मात्र नव्हते.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. त्याच वर्षी केंद्राने त्यात दुरुस्ती करून डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा ठेवली. ती गरजेचीच होती, तथापि रुग्णाचा रकाना पुन्हा कोराच राहिला. व्हेंटिलेटर कोणाला आधी द्यावा, म्हणजे मर्यादित साधनांचा प्राधान्यक्रम कसा ठरवावा, यावर भरपूर लिहिले गेले, आणि तो पेच खराच कठीण आहे. शिरूर किंवा दौंडचा रुग्ण पुण्याच्या कोविड कक्षात गेल्यावर डबा दारातच देऊन परतणाऱ्या नातेवाइकाला आतली खबर एका फोनवर मिळायची, आणि तो फोन न आल्यास दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न त्या मानाने सोपा असूनही दुर्लक्षित राहिला.

पुढच्या साथीपूर्वी तीन गोष्टी कायद्यात याव्यात: नातेवाइकांना रोज ठरल्या वेळी माहिती, स्त्रियांच्या कक्षात रात्रंदिवस स्त्री कर्मचारी, आणि तक्रार ऐकणारा रुग्णालयाबाहेरचा अधिकारी. यांपैकी एकीलाही ऑक्सिजन लागत नाही.