केळीत तणनाशक अन् बांधीत आगपेटी



उन्हाळी धान निघाला की साकोलीच्या आजूबाजूला संध्याकाळी धूर दिसते. बांधीतलं तणस जळते. अन् तोच कास्तकार दुसऱ्या दिवशी दुकानात केळीसाठी दोन वस्तू मागते, तणनाशकाचा डबा अन् पोटॅशचं पोतं. दोन्ही कालच पेटवल्या, हे त्याले कोण सांगणार?

हिशेब मांडा. धान जमिनीतून जेवढा पालाश उचलते त्यातला बहुतेक तणसात राहते, दाण्यात थोडाच जाते. टनाले १५ किलो तरी धरा. पाच बाय पाच फुटावर एकरी १७५० च्या जवळपास केळी बसतात. शिफारस झाडाला २०० ग्रॅम पालाशची, म्हणजे एकरी साडेतीनशे किलो, पोटॅशची बारा पोती. पाच टन तणस अंथरलं तर त्यातली अडीच पोती घरचीच. जाळलं तर नत्र हवेत गेलं, अन् राख पहिल्या पावसात नाल्यात.

आता डब्याबद्दल. ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी मारू नये, असा केंद्राचा आदेश ऑक्टोबर २०२२ चा आहे. तरी सल्ला मिळते, "केळीत चालते, फक्त झाडावर उडू देऊ नका." अन् पिल्लावर उडालं तर? पिल्लू अन् मायझाड एकाच कंदाला जोडलेले. पानातून शिरून मुळापर्यंत उतरणं हाच तर त्या औषधाचा गुण!

निंदणाले बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, हे शंभर टक्के खरं. पण एवढं निंदण लागते कायले? केळीची सावली पडायला चार-पाच महिने लागतात, तोवर आपण जमीन उघडी ठेवतो म्हणून. हार्वेस्टरचं तणस गोळा करायलाही मजुरी लागते, मान्य. ती एकदाच लागते.

सगळंच तण मात्र तणसाखाली मरत नाही. लव्हाळा अन् हरळी वर येतेच, ते लागवडीआधीच खोदून काढा. तणस बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा, उधईवर नजर ठेवा. कच्चं तणस मातीत गाडू नका, ते नत्र अडवून धरते अन् केळी पिवळी पडते. वरच राहू द्या. आपल्याकडचा पाऊस पाहता नाली आधी, तणस मग. डवरा खोल घालू नका, केळीची बहुतेक मुळं वरच्या फूटभरातच असतात.

ओळीत काकडी-भोपळा लावणाऱ्यांनो, मोझॅकचा विषाणू तिथूनच माव्यासंगं केळीवर येते. केन्यातही तो लपून राहते. त्यापेक्षा ताग पेरा, फुलावर आला की कापून तिथंच पसरवा.

कृषी सहायक साहेब, शिबिरात तुम्ही ग्रॅमचा तक्ता अर्धा तास सांगता. जमीन झाकण्यावर दहा मिनिटं तरी बोला, अन् ते मे महिना लागायच्या आत बोला. जूनमध्ये सांगून काय उपयोग, तोवर बांध्या काळ्या झालेल्या असतात.